एक टक्का कर्ब आणि पंचाहत्तर हजार लिटर पाणी

शेतीच्या गटांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘जमिनीतला सेंद्रिय कर्ब फक्त १ टक्क्याने वाढवा, माती एकरी ७५ हजार लिटर जास्त पाणी धरते. नांगर सोडा, काडीकचरा मातीत मुरवा, रिकाम्या माळावर झाडं लावा, तीन वर्षांत जमीन पालटते. सगळ्या शेतजमिनींवर असं झालं तर हवामानबदलाचा प्रश्नच मिटेल.’

कर्ब म्हणजे कार्बन. तो वाढलेली माती चांगली, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. भांडण आकड्यांशी आहे. याच आकड्यांच्या भरवशावर माणसं कामाला लागतात आणि चौथ्या वर्षी माती तपासून ‘सगळं थोतांड’ म्हणत पुन्हा जुन्या वाटेला लागतात.

सुरुवात ‘फक्त’ या शब्दापासून करू. माती परीक्षणाच्या अहवालात कर्ब ०.५ आला असेल, तर १ टक्क्याने वाढ म्हणजे ०.५०५ नव्हे, १.५. म्हणजे होता त्याच्या तिप्पट. त्यात आणखी एक घोळ आहे. मूळ इंग्रजी दावा २० हजार गॅलनचा, म्हणजे सुमारे ७५ हजार लिटरचाच, पण तो सेंद्रिय पदार्थाबद्दल आहे, म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या काडीकचऱ्या-मुळांबद्दल. सेंद्रिय पदार्थात कर्ब साधारण ५८ टक्के धरतात. फिरता फिरता पदार्थाचा कर्ब झाला, पाण्याचा आकडा मात्र तोच राहिला.

आता ते पाणी मोजू. एक एकरातल्या वरच्या १५ सेंमी मातीचं वजन ढोबळमानाने ८०० टन. त्याचा १ टक्का म्हणजे ८ टन. ७५ हजार लिटर म्हणजे ७५ टन पाणी. म्हणजे वाढलेल्या प्रत्येक किलोने ९ किलोपेक्षा जास्त पाणी धरायचं, आणि तेही मुळांना ओढून घेता येईल असं. २०१८ साली मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरातल्या हजारो नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. कर्ब १ टक्का वाढला की पिकाला मिळणारं पाणी दर १० सेंमी मातीत सरासरी १.१६ मिमी वाढतं. १५ सेंमीचा हिशेब केला तर एकरी सुमारे ७ हजार लिटर. दाव्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. वाळूसर जमिनीत फायदा जास्त, भारी चिकण जमिनीत कमी.

मग कर्बाचा पाण्याशी संबंधच नाही का? आहे, पण तो दुसरीकडे. बांधावरच्या जुन्या गवताखालचं एक ढेकूळ घ्या आणि वर्षानुवर्षं नांगरलेल्या वावरातलं एक. दोन्ही सावलीत वाळवा आणि जाळीच्या गाळणीवर ठेवून पाण्याच्या ग्लासात सोडा. वावरातलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांतच फसफसून विरघळतं, तळाला गाळ बसतो आणि पाणी गढूळ होतं. गवताखालचं तसंच बसून राहतं, कडेने एखाद-दुसरा बुडबुडा सोडत. त्याचे कण मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा यांनी धरून ठेवलेले असतात. अशी माती पावसाच्या माऱ्याने फुटून वर पापडी धरत नाही, पाणी आत शिरतं, वाफसा लवकर येतो. फायदा आहे तो पाणी आत शिरण्यात आणि माती जागेवर राहण्यात. पण ‘ढेकूळ विरघळलं नाही’ हे पोस्टरवर शोभत नाही, ७५ हजार लिटर शोभतं.

तीन वर्षांची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. हेक्टरी १५ सेंमी थरात १ टक्का म्हणजे साधारण २० टन कर्ब. कोरड्या काडीकचऱ्यात ४० टक्क्यांच्या आसपास कर्ब असतो, पण सूक्ष्मजीव त्यातला बहुतेक भाग खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने परत हवेत सोडतात. काही वर्षांनी दहा-पंधरा टक्के टिकला तरी बरं म्हणायचं. म्हणजे एक टन काडीतून मातीच्या खात्यात पडणार ४० ते ६० किलो. सरासरी ५० किलो धरले तर २० टनांसाठी ४०० टन काडी लागेल. हेक्टरी दरवर्षी ८ टन काडी घातली तरी पन्नास वर्षं, आणि तीही मातीतला जुना कर्ब दरम्यान अजिबात झिजत नाही असं गृहीत धरून. शिवाय मातीतल्या सेंद्रिय पदार्थात दर १२ भाग कर्बामागे एक भागाच्या आसपास नत्र असतं. २० टन कर्ब बांधायला दीड टनाहून जास्त नत्र कुठून तरी यायला हवं. याचा उल्लेख मी एकाही फॉरवर्डमध्ये पाहिलेला नाही.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं. तिथला कर्ब सुमारे १ टक्क्यावरून अडीच टक्क्यांच्या आसपास जायला शंभर वर्षांच्या वर लागली, आणि पुढे वाढ मंदावत गेली. आता ३५ टन शेणखतासाठी चारा कुठल्या तरी दुसऱ्या जमिनीवर उगवावा लागतो. एका वावरात वाढलेला सगळा कर्ब हवेतून नव्याने आला असं म्हणता येत नाही, थोडा शेजारच्या रानातून उचलून आणलेलाही असतो.

त्याच संस्थेच्या हूसफील्ड शेतात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं एका पट्ट्याला शेणखत दिलं आणि मग कायमचं थांबवलं. त्या पट्ट्यात आजही, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या पट्ट्यापेक्षा कर्ब जास्त भरतो. तीन वर्षांचं गाजर दाखवण्यापेक्षा ही गोष्ट सांगितली असती तर जास्त माणसं टिकली असती, असं मला वाटतं.

‘नांगर सोडा’ याबद्दल थोडक्यात. नांगर न घातलेल्या शेतात वरच्या ५-१० सेंमीत कर्ब हमखास वाढलेला दिसतो, कारण काडी वरच राहते. नांगर तीच काडी २०-२५ सेंमी खाली गाडतो. नमुना उथळ घेतला की शून्य मशागतीचा मोठा विजय. खोलवर घेतला की तो फरक पुष्कळदा आटतो, कधी जवळजवळ नाहीसा होतो. तरीही नांगर कमी करा असंच मी सांगेन: धूप कमी होते, गांडुळं वाढतात, डिझेल वाचतं. एवढी कारणं पुरेशी आहेत.

झाडांचं मात्र नीट बघायला हवं. जमिनीचा वापर बदलला की मातीतल्या कर्बाचं काय होतं, यावरचे पुष्कळ अभ्यास ग्वो आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये एकत्र केले. जंगल मोडून शेती केली की मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्के घटतो, कुरण मोडून केली की ५९ टक्के. शेत सोडून तिथे नैसर्गिक जंगल वाढू दिलं की ५३ टक्के वाढतो, कुरण केलं की १९ टक्के. आणि कुरणावर लागवडीचं जंगल उभं केलं की सरासरी १० टक्के घटतो. गवताचा कर्ब मुळांतून जमिनीखाली साठतो, झाडाचा मोठा वाटा वर खोडात. ज्याला ‘रिकामा माळ’ म्हणतात तो पुष्कळदा भरलेलाच असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

हवामानबदल मिटण्याचा हिशेब दोन ओळींचा आहे. जगात पिकाखाली सुमारे दीड अब्ज हेक्टर जमीन. सढळ हाताने हेक्टरी वर्षाला अर्धा टन कर्ब धरला, तर पाऊण अब्ज टन. कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कर्ब हवेत जातो. आणि ब्रॉडबाल्कप्रमाणे ही पाऊण अब्जाची गतीही कायम राहत नाही.

उलट दिशेचा वेग मात्र फार आहे, आणि या मजकुरात त्याचं नावही नाही. पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत साचलेली दलदलीची माती, जगाच्या जमिनीवर ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पण तिच्यातला कर्ब जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त भरतो. शेतीसाठी तिचा निचरा केला की हवा आत शिरते आणि माती अक्षरशः विरून जाते. इंग्लंडच्या होम फेन भागात असा निचरा झाला, तेव्हा पीटमध्ये एक लोखंडी खांब उभा गाडला होता. १८५१ साली त्याचं टोक जमिनीच्या पातळीला होतं. आज तो खांब सुमारे ४ मीटर वर आला आहे, आणि कुणी त्याला उपसलेलं नाही.