आलं-बोरं फक्त चवीपुरती नाहीत

लेख आवडला, पण ‘ग्वेझी तांग’ या पारंपरिक चिनी काढ्यात आलं, बोरं आणि ज्येष्ठमध केवळ चवीसाठी असतात, हे पटलं नाही. वैद्य झांग झोंगजिंग यांच्या या हान राजवटीच्या काळातल्या काढ्यात चिनी दालचिनीच्या कोवळ्या काड्या म्हणजे राजा (मुख्य औषध), घाम आणणाऱ्या. पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचं मूळ हा मंत्री (मुख्य औषधाचा जोडीदार), घाम आवरणारा. दोन्ही 3-3 लिआंग (जुनं चिनी वजन). आलं दालचिनीला साथ देतं, 12 बोरं पिओनीला, आणि ज्येष्ठमध सगळ्यांना जुळवून घेतो. नुसती पिओनी दुप्पट केली की त्याच पाच वस्तूंचा काढा पोटदुखीवर देतात! शिवाय ग्वेझी तांग प्यायल्यावर गरम, पातळ भाताची पेज पिऊन पांघरूण घ्यायचं, अंग जेमतेम ओलसर होईपर्यंत. घामाच्या धारा लागू द्यायच्या नाहीत. ही पेज लेखात यायलाच हवी होती.