माथेरान कुणी विकलेलं नाही

परवा रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. काका माथेरानला हातरिक्षा ओढतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. एवढ्या रात्री ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. पलीकडून आवाज आला, “बाय, तुझ्याकडं तो मेसेज आलाय का? आपण रिक्षावाल्यांनी गाव विकलं असं लिवलंय म्हणं त्यात. कोर्टानं खरंच असं काय म्हटलंय का?”

मेसेज माझ्याकडे आला होता. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर. दोन्ही वेळा मी वाचला, चिडले आणि सोडून दिला. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं वजन ओढलं, त्याला रात्री झोप लागत नाही आणि तो पुतणीला विचारतो की आपण काही पाप केलंय का, हे मी सोडून देणार नाही.

‘माथेरान वाचवा’ असं वर लिहिलेल्या त्या मेसेजमध्ये सहा दावे आहेत. सुप्रीम कोर्टाने माथेरान गाड्यांसाठी खुलं केलं. हातरिक्षेचा दीडशे वर्षांचा वारसा मोडला, आणि रिक्षावाल्यांनीच पैशासाठी तो विकला. लाल मातीचे सगळे रस्ते काँक्रीटखाली जाणार. घोडे बंद होणार. मिनी ट्रेन भंगारात जाणार. आणि नगरपालिका प्रवाशांकडून घेते तो ५० रुपयांचा कर बेकायदा आहे, कुणी भरू नका. खाली नेहमीचं, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

ज्या निकालावरून हे सगळं उठलंय तो ६ ऑगस्ट २०२५ चा आहे. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाचा. निकाल सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही, हे पहिल्याच दाव्यावरून कळतं.

गाड्या आत येणार, हे साफ खोटं आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा संवेदनशील भाग, झाला. तेव्हापासून रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर गावात मोटारीला परवानगी नाही. त्याआधीही गाव बिनमोटारीचंच होतं, पण ही बंदी कायद्याच्या कागदावर पक्की आहे आणि कोर्टाने तिला हात लावलेला नाही. तुमची गाडी काल गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर थांबत होती, उद्याही तिथेच थांबेल. परवानगी मिळाली ती बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षांना. तीही एका रात्रीत नाही मिळाली. मे २०२२ मध्ये कोर्टाने फक्त प्रयोग करून बघायला सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांवर तो सुरू झाला. पुढे २०२४ मध्ये कोर्टाने त्या वीसच असाव्यात अशी मर्यादा घातली, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या असं बजावलं. मेसेजमध्ये ‘पाचशे ई-रिक्षा येणार’ असं लिहिलंय. हा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता दुसरा दावा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. हातरिक्षा हा आपला वारसा.

मी दहा-अकरा वर्षांची असताना सुट्टीत काकांकडे राहायला जायचे. काकू माझ्या हातात डबा द्यायची आणि मी दस्तुरीच्या वाटेने काकांना शोधत निघायचे. एकदा जूनमध्ये पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता आणि वाट लोण्यासारखी झाली होती. समोरून काकांची रिक्षा उताराने येत होती. आत जाडजूड नवरा-बायको, त्यांच्या पायाशी दोन बॅगा. चढावर पुढचा ओढतो आणि मागचे दोघे ढकलतात, हे बघणाऱ्याला दिसतं. उतारावर काय होतं ते दिसत नाही. उतारावर गाडी अंगावर येते. पुढच्याने दांड्याला पाठ द्यायची, टाचा चिखलात रोवायच्या आणि मागच्यांनी गाडी खेचून धरायची. काका जवळजवळ बसल्यासारखे झाले होते. मानेच्या शिरा टरारून आलेल्या. मी “काका” अशी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर पाय सुटला असता. आतल्या बाईंनी छत्रीखालून मला हात केला.

घरी आल्यावर काकू त्यांच्या बुटांच्या टाचा बघायची. वरून धड दिसणारा बूट टाचेला आरपार गेलेला असायचा. काकांच्या तळहाताला अंगठ्याच्या बुडाशी जो घट्टा आहे, त्यात आजही सुई टोचली तरी त्यांना कळत नाही. गुडघे तर कधीच गेले. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचं अंतर अडीच-तीन किलोमीटर, आणि हंगामात दिवसातून किती खेपा झाल्या ते मोजायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मोजलं की दमायला होतं, म्हणायचे.

याला वारसा म्हणतात? वारसा म्हणायचाच तर तो दांडा वारसा म्हणून कुणी घ्यायचा? मेसेज लिहिणाऱ्याचा मुलगा घेणार आहे का? काकांच्या मुलाने घेतला, कारण दुसरं काम मिळालं नाही. माझा चुलतभाऊ बारावी झालाय आणि मागून रिक्षा ढकलतो.

माणसाने माणसाला ओढून नेणं अमानुष आहे, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलंय. माणसाच्या प्रतिष्ठेची हमी देणाऱ्या संविधानात ते बसत नाही, असंही म्हटलंय. त्यांनी १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याची आठवण करून दिली. तो खटला तर सायकल रिक्षांचा होता. त्या निकालाला ४५ वर्षं आणि स्वातंत्र्याला ७८ वर्षं झाली तरी माथेरानात हे चालू आहे, याबद्दल न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला. सहा महिन्यांत हातरिक्षा टप्प्याटप्प्याने बंद करा, असा आदेश दिला. जुनं आहे म्हणून जपायचं असेल तर वेठबिगारीही जुनीच होती.

आणि ‘रिक्षावाल्यांनी गाव विकलं’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने एकदा दस्तुरीला येऊन ते काकांच्या तोंडावर म्हणावं. निकालाच्या वेळी माथेरानात परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. याच माणसांच्या संघटनेने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. का? तर आमच्या खांद्यावरून हे जोखड काढा आणि त्याच कामाचं साधन बदलून द्या म्हणून. त्यांनी गावाकडे फुकटचं काही मागितलेलं नाही. निकालातही तेच आहे: खरे हातरिक्षा ओढणारे कोण हे माथेरानच्या देखरेख समितीने ठरवायचं, ई-रिक्षा आधी त्यांना द्यायच्या, आणि आणखी लागतील त्या आदिवासी महिला व इतर गरजूंना द्यायच्या. गुजरातेत केवडियाला स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला दिल्यात, तशी योजना राज्य सरकारने करावी आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असंही त्यात आहे. यात विकलं कोणी, कोणाला, कितीला?

इथे एक गोष्ट मान्य करते, मनावर दगड ठेवून. ९४ परवाने आणि २० ई-रिक्षा हा हिशोब जुळत नाही. आजवर ज्या दिल्या गेल्या त्या खऱ्या ओढणाऱ्यांनाच मिळाल्या का, यावरून गावात दोन वर्षं भांडणं झाली आणि तो वादही कोर्टात गेला. त्यातलं दुखणं खरं आहे. पण ते दुखणं रिक्षावाल्यांचं आहे, त्यांच्यावरचा आरोप नाही.

रस्त्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून त्यावर चार ओळी जास्त लिहिते. माथेरानची लाल माती पावसात वाहून जाते, हे तिथे एक पावसाळा काढलेल्या कुणालाही माहीत आहे. दरवर्षी वाटेच्या कडा खचतात, झाडांची मुळं उघडी पडतात आणि उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन घराघरात शिरते. म्हणून मुख्य रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं. त्यावर आक्षेप आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते काम थांबवलंही होतं. आताच्या निकालात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यालाच ब्लॉकची परवानगी आहे. आतल्या वाटांना आणि पॉइंटकडे जाणाऱ्या पायवाटांना ते लावायचे नाहीत, असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ‘सगळे रस्ते काँक्रीटखाली’ या वाक्यातला ‘सगळे’ही खोटा आणि ‘काँक्रीट’ही खोटं. पण घोडेवाले म्हणतात की ओल्या ब्लॉकवर घोड्याचा पाय सरकतो, ते मला खोटं वाटत नाही. नाल ठोकलेला खूर मातीत रुततो, ब्लॉकवर रुतत नाही. मुख्य रस्त्याच्या कडेला घोड्यांसाठी मातीची पट्टी सोडावी ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. मेसेज लिहिणाऱ्याला घोड्यांची इतकी काळजी होती तर ही मागणी त्याने का नाही लिहिली?

घोडे बंद होणार या दाव्याला निकालात कसलाच आधार नाही. निकाल हातरिक्षांबद्दल आहे. घोडेवाल्यांचा धंदा ई-रिक्षामुळे थोडा कमी होईल ही भीती समजू शकते, पण पॉइंट बघायला जाणारा प्रवासी घोड्यावरच जातो, कारण ई-रिक्षा पॉइंटवर जातच नाही. धंद्याला खरा फटका बसला तो वेगळ्याच कारणाने. दस्तुरीला उतरलेल्या प्रवाशाला ‘पुढे काहीच मिळत नाही’ असं सांगून फसवायचे प्रकार इतके वाढले की मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवलं. गाव स्वतःच्या चुकीवर स्वतः बंद पुकारतं, हेही मेसेजमध्ये कुठे नाही.

मिनी ट्रेनचं तर निकालात काही नाहीच. डोंगराच्या पायथ्याच्या नेरळहून येणारी गाडी दर पावसाळ्यात बंद असते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल तेव्हाही चालू असते. १९०७ सालची ही गाडी २००५ च्या प्रलयात मोडली, पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये रूळ वाहून गेले, ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. भंगारात काढायची असती तर तेव्हाच काढली असती.

राहिला कर. हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण बाकीचे वाचून लोक हळहळतील, पण हा वाचून नाक्यावर पावती फाडणाऱ्या पोराशी भांडतील. हा कर तिथे उभ्या असलेल्या कुणाच्या खिशात जात नाही. नगरपालिका पावती देऊन तो घेते. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्याशा गावाच्या घरपट्टीवर शनिवार-रविवारी येणाऱ्या गर्दीचा कचरा, शौचालयं आणि दिवे कसे चालवायचे? गावात मोटार नाही, म्हणजे कचराही माणसांनीच ढकलून न्यावा लागतो. तुम्ही बाकावर ठेवून गेलेली पाण्याची बाटली कोणीतरी हाताने उचलतं. कराचा हिशोब मागा, नगरपालिकेला जाब विचारा, मीही विचारते. गेल्या वर्षी बाजारातल्या शौचालयाला पाणी नव्हतं तेव्हा मी तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली होती. पण ‘भरू नका’ हा सल्ला देणाऱ्याने आधी सांगावं की ते शौचालय धुणाऱ्या बाईचा पगार तो कुठून देणार आहे.

हे सगळं मी काल संध्याकाळी काकांना फोनवर वाचून दाखवलं. निकालातले मुद्दे दोनदा वाचायला लावले. गाव विकल्याबद्दल त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. थोडा वेळ गप्प राहिले, मग मागे काकूला हाक मारून पत्र्याच्या पेटीतला परवाना काढायला सांगितला.

“समितीकडं कागद द्यायचे तर झेरॉक्स चालंल का बाय, का अस्सलच लागंल? अस्सल पावसात भिजून पार फिका पडलाय.”

सोमवारी मी माथेरानला जातेय. परवान्याची जुनी नोंद नगरपालिकेच्या दप्तरात असेल, तिची नक्कल काढता येते का ते बघायचंय.