कुंभारीण, पोरकिडे आणि पहिलीची हजेरी

शाळा उघडायच्या चार दिवस आधी गुरुजींना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे छत्रीची मोडकी काडी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. पट 60 च्या आत असला की दोन शिक्षक. त्यामुळे 15 जूनला मुलांसमोर उभं राहायचं, तर 11 जूनला कुलपासमोर उभं राहावं लागतं. (विदर्भातले गुरुजी उन्हापायी आठवडाभर उशिरा उभे राहतात, पण कुलूप तेच.)

दीड महिना या कुलपाला कुणी हात लावलेला नसतो, कुंभारीण माशी सोडून. किल्लीचं भोक हे तिचं आवडतं बाळंतघर. ती ओल्या चिखलाचे गोळे आणते, कोळी नाहीतर अळी डंख मारून बधिर करते, आत ठेवते, तिथेच अंडं घालते आणि बाहेरून लिंपून टाकते. पोरांच्या पोषण आहाराची सोय करून बाई मोकळ्या. नवीन रुजू झालेला गुरुजी घाईने त्यात तेल ओततो. तेल आणि चिखल मिळून आत लापशी होते आणि मग ना किल्ली आत जाते, ना लापशी बाहेर येते. खरी रीत अशी: चिखल कोरडा असतानाच काडीने कोरायचा, कुलूप हलवून तळहाताने ठोकायचं, म्हणजे उरलेली माती गळते. मग पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून ती पूड किल्लीला चोळायची आणि किल्ली न फिरवता पाच-सहा वेळा नुसती आत-बाहेर करायची. खोबरेल तेल अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. पूर्वी दोन थेंब रॉकेलने काम व्हायचं, पण रेशनवरचं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून तो मार्ग संपला.

जोर मात्र लावायचा नाही. किल्ली आत तुटली तर कुलूप तोडावं लागेल, आणि ते कुलूप डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत आहे. दाराला ते नसलं तरी निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ते रीतसर बाद ठरेपर्यंत रजिस्टरात ते जिवंतच राहतं, आणि तपासणीला आलेले साहेब नेमकं तेच मागतात.

दार उघडलं की आत काय असतं ते सांगण्यात अर्थ नाही. पाली, जाळी, पडवीत शेळ्यांच्या लेंड्या, भिंतीवर कोळशाने काढलेले तीन स्टंप. खराटा आणि दोन तास.

खरी कसोटी तांदळाच्या पोत्यापाशी. पोषण आहाराचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 26 मुलं म्हणजे 2 किलो 600 ग्रॅम. रजिस्टरात एप्रिलअखेरची शिल्लक 43 किलो 200 ग्रॅम. पण रजिस्टर घुशींनी वाचलेलं नसतं, त्या आपला हिशेब वेगळा ठेवतात. पोतं हलवलं की खाली भुकटी आणि वर पोरकिडे. इथे सगळे जण हमखास एक चूक करतात, ती म्हणजे तांदूळ कडक उन्हात पसरणे. उन्हाने दाण्याला चीर जाते, शिजवल्यावर कण्या होतात आणि ‘खिचडी आहे की खीर’ अशी पालकसभा भरते. तांदूळ सावलीत, बोटभर जाडीने पसरावा. किडे आपसूक कडेकडेने अंधाराकडे चालू लागतात. मग चाळायचा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर तो आधी वाळवून, ओला घातला तर बुरशी. पोतं फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, कारण जूनमध्ये भिंत ओल ओढते.

एवढं करूनही समाधान मानू नये. पोरकिड्याची अंडी दाण्याच्या पोटात असतात, ती चाळणीला दिसत नाहीत. महिन्याभरात नवी तुकडी हजर. पट वाढण्याची खात्री असलेला आमच्या शाळेतला हा एकमेव वर्ग.

पाण्याची टाकी त्यामानाने गुणी. गाळ काढून घासायची, भरायची, हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आधी बादलीत कालवून घालायची आणि अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास कुणी थांबत नाही.

फळ्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. सिमेंटच्या फळ्याला रंग देणं हे काम निम्म्या महाराष्ट्रात चुकीचं होतं. पहिली चूक दुकानातच होते. फळ्याचा रंग संपलाय म्हणून दुकानदार साधा काळा ऑइलपेंट देतो. तो लावला की फळा मोटारीसारखा चमकतो. खिडकीकडच्या पोरांना त्यात आभाळ दिसतं, आणि खडू घसरतो, कारण खडूला झिजायला खरखर लागते. रंग फळ्याचाच हवा. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने फळा धुवायचा, कारण वर्षभर पोरांचे तेलकट हात लागलेले असतात. पूर्ण वाळला की बारीक पॉलिशपेपर मारायचा. पहिला हात थोडं टर्पेंटाइन घालून पातळ, आडवा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, उभा. मृगाचा पाऊस आधीच पडून भिंतीत ओल असेल तर थांबावं, नाहीतर रंगाला फोड येतात आणि ऑगस्टमध्ये भारताच्या नकाशातून गुजरात गळून पडतो.

रंग वाळल्यावर खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. एवढा काळा केलेला फळा लगेच पांढरा करताना हात थरथरतो, पण हे टाळलं तर पहिली अक्षरं रंगात बसतात. प्रवेशोत्सवाचं ‘सुस्वागतम्’ दिवाळीपर्यंत वाचता येतं, गणिताच्या तासालाही.

दरम्यान मोबाईल वाजत असतो. आजच्या आज भरायची माहिती, तिचा पासवर्ड कालबाह्य, आणि ओटीपी जातो बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांना, जे पेरणीला गावी आहेत आणि शेतात रेंज नाही. शाळा व्यवस्थापन समितीचीही तीच गत. सभेची नोटीस निघते त्याच दिवशी रानात वापसा येतो, म्हणजे जमीन पेरणीजोगी होते. वापसा सोडून सभेला येणारा सदस्य अजून जन्माला यायचाय.

पुस्तकं केंद्रशाळेतून आणायची, मोटारसायकलवर, पोत्यात, पोत्यावर प्लॅस्टिक. मागणी यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या आकड्यांवर ठरते आणि तो आकडा गेल्या वर्षीचा. मधल्या काळात ऊसतोडीला गेलेली दोन घरं परतलेली असतात आणि एक पुण्याला गेलेलं असतं. म्हणून तिसरीचं गणित दोनने कमी आणि चौथीचं एकने जास्त. शेजारच्या वाडीच्या शाळेत नेमकं उलटं. मग दोन गुरुजी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटून देवघेव करतात.

आणि मग 15 जून. तोरण, औक्षण, कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवलेली इवली पावलं, दुपारी शिरा. पावलांच्या ठशांचं एक सांगतो. ताटात पाणी कमी आणि फडकं जवळ ठेवावं. नाहीतर तेच पाय नव्याने पुसलेल्या फरशीवरून पळतात आणि व्हरांड्यात गौरी आल्यासारखं दिसतं.

रडणाऱ्या मुलाला घरच्या माणसाने सोडून ताबडतोब निघून जावं, रडं दहा मिनिटांत थांबतं. पण आजी खिडकीत उभी राहते. ती तिथे असेपर्यंत रडण्याला श्रोता असतो. वर ती तिथूनच सल्ला देते, “गुर्जी, मारू नगा, नुसता दम द्या.” आजीला शिऱ्याच्या पातेल्याकडे पाठवणं हा त्यावर इलाज.

शेवटी हजेरी. पहिलीच्या रजिस्टरात नावं कशी, तर अथर्व, शौर्य, स्वराज, आराध्या. सहा वर्षं घरात ही नावं कुणी उच्चारलेलीच नसतात. “स्वराज!” शांतता. पुन्हा “स्वराज!” पोरं एकमेकांकडे बघतात. तिसऱ्या हाकेला शेजारच्या वर्गातून तिसरीतली बहीण ओरडते, “गुर्जी, त्यो आमचा बंड्या!”

बंड्या उभा राहतो. एका पायाला अजून कुंकू. हजर वगैरे काही म्हणत नाही. “घरी कवा जायचं?” एवढंच विचारतो. सवयीने नजर भिंतीकडे जाते. घड्याळात पावणेतीन वाजलेत, मे महिन्यातल्या कुठल्या तरी दिवसाचे. कुलूप, तांदूळ, टाकी, फळा सगळं केलं, सेल तेवढा राहिला.