आमच्या हॉलमधलं मिल हाऊस

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सध्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिची नेमणूक कुठे झाली आहे ते विचारावं लागतं. परवा लाटणं सापडेना. सापडलं तेव्हा त्याच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. "आई, ते आता रोलर आहे," चिरंजीवांनी सांगितलं. मग पोळ्या कशानं लाटायच्या? "थांब ना, हा फक्त प्रोटोटाइप आहे." त्या रात्री स्टीलच्या पेल्यानं लाटलेल्या पोळ्या खाताना कुणी आकाराबद्दल बोललं, तर मीही तेच उत्तर दिलं.

प्रकरण असं आहे. फर्स्ट टेक चॅलेंज नावाची शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा असते. चिरंजीव आणि त्यांची टीम तिच्यात उतरलीय, आणि रोबोट आमच्या हॉलमध्ये बनतोय. २०२५-२६ चा तिचा खेळ 'डीकोड'. जांभळे आणि हिरवे, भोकाभोकांचे, ५ इंची प्लास्टिकचे चेंडू रोबोटनं गोळा करायचे आणि कोपऱ्यातल्या उंच गोलमध्ये फेकायचे. एका वेळी तीनच जवळ बाळगायचे. सुरुवातीला रोबोट लांबी, रुंदी, उंची तिन्हींकडून १८ इंचांत मावला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा, त्यातली पहिली ३० सेकंदं रोबोटनं स्वतःच्या अकलेनं वागायचं. (आमच्या घरात एवढी सवलत अजून कुणाला मिळालेली नाही.)

या रोबोटच्या तोंडाला इनटेक म्हणतात. समोर फिरता रोलर, खाली उतरती पाटी, मधून चेंडू आत. कागदावर हे चित्र काढायला पोरांना पाच मिनिटं लागली, म्हणून मीही निर्धास्त होते. गणपतीच्या मखराचं प्लायवूड त्यांनी माळ्यावरून काढलं तेव्हासुद्धा.

मोटर आलेली नव्हती, म्हणून रोलर फिरवायला ड्रिल. ड्रिल धरायला आमचे हे. ऑफिसमधून आले की बूट काढायच्या आत हातात ड्रिल. स्पर्धेचं मैदान फोमच्या चटयांचं असतं म्हणून माझी योगा मॅट अंथरलेली. (योगाचं म्हणाल तर मॅट गेली याचं मला फारसं दुःख झालं नाही.) मुलं "सोडा!" म्हणून ओरडत आणि मी चेंडू सोडायचा. रोबोट पुढे, चेंडू त्याच्या पुढे, आणि चेंडू शेवटी दिवाणाखाली.

टीममधल्या चष्मेवालीनं मला कारण समजावलं. "काकू, पाटी जागेवर असते, रोलर फिरतो, त्यामुळं चेंडू रोलरच्या निम्म्याच वेगानं आत सरकतो. म्हणून रोलरचा वेग रोबोटच्या दुप्पट तरी पाहिजे. नाहीतर चेंडू आत यायच्या आधीच रोबोट त्याला ढकलतो." ड्रिलचा वेग वाढवला. आता चेंडू आत जाऊन अडकायला लागला. हा चेंडू कडक, दाबला जात नाही. पाटी आणि रोलरमध्ये फट जराशी कमी झाली तर अडकतो, जराशी जास्त झाली तर घसरतो. फट बदलायला प्रत्येक वेळी नवं भोक. मखर वाळवी लागल्यासारखं दिसायला लागलं.

आमचे सासरे, आप्पा, हे सगळं पेपराआडून बघत होते. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये, म्हणजे रोलरमधून ऊस पिळतात तिथं, त्यांची हयात गेली. "सेटिंग चुकलंय," ते पेपर खाली न करता म्हणाले.

"कसलं सेटिंग आप्पा?"

"मिलचं. टॉप रोलर असा आवळून बांधतात व्हय रं? त्याला उचलायला जागा द्या. आमच्याकडं त्येच्यावर हायड्रॉलिकचा दाब असायचा. ऊस जास्त आला की रोलर वर उचलायचा, कमी आला की बसायचा."

पोरांनी भोकांच्या जागी उभ्या खाचा कापल्या. रोलरची दोन्ही टोकं खाचांत मोकळी, आणि वरून खाली ओढायला माझ्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक. मी चेंडू सोडला. रोलर जरा उचलला, चेंडू गपकन आत.

त्या क्षणापासून घरात आप्पांचं राज्य सुरू झालं. चेंडूला ते ऊस म्हणतात, सरावाला गाळप. पट्ट्या गुळगुळीत झाल्या तर, "आम्ही चालत्या रोलरवर वेल्डिंगचे ठिपके मारायचो, पकड यायला," असं म्हणून त्यांनी पट्ट्यांवर पॉलिश पेपर चिकटवायला लावला. शिफ्ट बदलली की चहा लागतो. खरी मोटर आली त्या दिवशी तर हळद-कुंकू मागवून त्यांनी एका जांभळ्या चेंडूचं रीतसर मोळीपूजन केलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना शुभारंभाला बोलावलं. ते काका खरं म्हणजे डोक्यावर दिवसभर गडगडाट होतो अशी तक्रार करायला निघाले होते. त्यांच्या हातात नारळ देण्यात आला.

दोन चेंडू एकदम आले की मात्र अजून अडतं. दोघंही एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळं जिथं ते एकमेकांना टेकतात तिथं एकाची बाजू वर निघालेली असते, दुसऱ्याची खाली. घासाघास होते आणि दोघंही जागेवर. चष्मेवाली हे फळ्यावर काढून दाखवायला निघाली होती. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्या बाईला त्यासाठी फळा लागत नाही. मी सरळ म्हटलं, दोघांत अंतर ठेवा. आता आतला पट्टा बाहेरच्या रोलरपेक्षा वेगानं पळवतात, पहिला पुढे निघून जातो, मग दुसरा येतो. या सल्ल्याचं श्रेय कुणी मला दिलेलं नाही. टीमच्या वहीत 'मिल सेटिंग – आप्पा' एवढंच लिहिलंय.

काल पोरांनी पुढचा विषय काढला. चेंडू आत आला, आता फेकायचा कसा? सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पहिल्यांदाच चष्मा काढला. "कारखान्यात ऊस फेकत न्हाईत," ते म्हणाले आणि उठून फोनपाशी गेले. तासगावकडं त्यांचे एक मावसभाऊ आहेत, त्यांचं मळणी मशिन भुसा लांबवर उडवतं म्हणे.

मावसभाऊ उद्या येतायत. मुक्कामाला. मशिन टेम्पोत घालून.