आधी माप चोख करा, मग जास्त दुधाच्या गाईचं बोला

माझ्या आईच्या दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर घट्टे होते. अंगठा दुमडून धार काढायची तिची सवय. तसं करू नये, सडाला इजा होते, पूर्ण मुठीने काढावी, असं तिला पुढे कुणीतरी सांगितलं; पण तोवर वीस वर्षं गेली होती. दावणीला दोन गाई. पहाटे एक धार, दिवस कलताना दुसरी. ताप असो, घरात लग्न असो की मयत, या दोन वेळा चुकत नसत.

डेअरीच्या रांगेत मी तिच्याबरोबर उभा असायचो. मापात दूध ओतलं जायचं, आतला माणूस नमुना घ्यायचा आणि थोड्या वेळाने वहीत फॅटचा, म्हणजे दुधातल्या चरबीचा, आकडा मांडायचा. भाव त्यावरच ठरायचा. "वहिनी, आज फॅट कमी लागली." काल ३.८ होती, आज ३.१. गाय तीच, वैरण तीच, हात तेच. फॅट थोडी वरखाली होतेच, हे मला आज कळतं. सकाळ-संध्याकाळच्या दुधात फरक असतो, चारा बदलला की फरक पडतो, व्यायल्याला किती दिवस झाले यावरही ठरतं. पण आई म्हणायची, "भाऊ, जरा दाखवा की." आणि त्याने कधीही दाखवलं नाही. मला आजही राग येतो तो न दाखवण्याचा. आकडा कमी लागला, तेवढ्याचं काही वाटत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे छोट्या शेतकऱ्याच्या दुधधंद्यावर कुठेही चर्चा निघाली की ती पाच मिनिटांत एकाच जागी येते. गाईमागे दूध वाढवा, चांगली जात आणा, कर्ज द्या. मला हे पटत नाही. जातीला माझा विरोध नाही, या क्रमाला आहे.

दोन जनावरांच्या घराला दूध काय देतं ते आधी बघू. पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा पैसा दाखवतं. दुधाचा हिशोब दर आठ-पंधरा दिवसांनी होतो. त्याला आपण "दुधाचा पगार" म्हणतो आणि तो शब्द अगदी नेमका आहे. ज्या घरात कुणालाच नोकरी नाही, तिथला हा एकमेव पगार. किराणा त्यावर, शाळेची फी त्यावर, औषध त्यावर. जमीन नसली तरी बांधावरच्या गवतावर आणि पिकाच्या अवशेषांवर, म्हणजे माणूस खाऊ शकत नाही अशा वस्तूंवर हा पगार उभा राहतो. शेण शेतात जातं, कालवड मोठी होते ती घरातली ठेव. जगात सुमारे १५ कोटी कुटुंबं दूध उत्पादनात आहेत असं संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना सांगते, आणि विकसनशील देशांत बहुतेक ठिकाणी दूध येतं ते छोट्याच गोठ्यांतून.

पण या पगाराची एक मोठी दुबळी बाजू आहे. धान्य भाव येईपर्यंत कणगीत ठेवता येतं. दूध ठेवता येत नाही. उबदार हवेत त्यातले जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, काही तासांत ते नासायला लागतं. म्हणजे कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला "मी नाही देत जा" म्हणायची सोयच नसते. ती दूध परत घेऊन जाणार कुठे? भाव समोरचा सांगतो, माप समोरचा करतो, फॅट समोरचाच लावतो. सगळा धंदा या एका क्षणावर टांगलेला आहे आणि चर्चा मात्र गाईच्या जातीवर.

दुधधंद्याचा इतिहासही माझ्या मते हेच सांगतो. पूर्वी दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा आणि वरची साय काढून घेणारा फायद्यात, प्रामाणिक माणूस तोट्यात. १८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट मोजायची साधी रीत काढली. दुधात आम्ल घालायचं, नळी गरगर फिरवायची, वर आलेली चरबी नळीवरच्या खुणांवर वाचायची. त्या रीतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी तशीच पद्धत शोधली, ती आजही अनेक संकलन केंद्रांवर वापरतात. खरं कोण आणि खोटं कोण, हे त्या काचेच्या नळीमुळे चारचौघांत दिसायला लागलं.

गुजरातमधल्या आणंदचंही तेच. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या उत्पादकांनी पडेल भावाने दूध द्यायचं थांबवलं आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने संघ उभा राहिला. पुढे कुरियन आले, म्हशीच्या दुधाची भुकटी झाली, अमूल झालं, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो गावातला: सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं दूध वेगळं मोजायचं, वेगळं तपासायचं आणि पैसे वेळेवर हातात द्यायचे. एक लिटर आणणाऱ्याला आणि वीस लिटर आणणाऱ्याला रांग एकच.

आता त्या चांगल्या गाईबद्दल. आमच्या शेजारच्या घराने कर्ज काढून संकरित गाय आणली होती. दिवसाला वीस लिटरची. ती आली तेव्हा आम्ही पोरं बघायला गेलो होतो, कास अशी की चालताना दोन्ही मांड्यांना घासायची. अशा जनावराला एका लिटर दुधामागे तीन-चार लिटर पाणी लागतं, आणि ते पाणी शेजारच्या काकू डोक्यावरून आणत होत्या. दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के खर्च खाद्याचाच असतो. पेंड उधारीवर यायला लागली. उन्हाळ्यात गाय धापा टाकायची आणि दूध उतरायचं. माज, म्हणजे गाय फळवायची वेळ, रात्री येऊन गेला आणि कुणाच्या लक्षात आला नाही, की पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस वाया. असं तीनदा झालं. मग कासेला दगडी झाली. एक सड सुजून टणक, धारेत गुठळ्या. डॉक्टर तिसऱ्या दिवशी पोचले. सड गेला. दीड वर्षाने गाय पडत्या किमतीत विकली आणि हप्ते पुढे दोन वर्षं चालू राहिले.

तिथे गाय वाईट नव्हती. तिच्याभोवती जे असायला हवं होतं ते नव्हतं: पाणी, हिरवा चारा, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि डेअरीत भरवशाचा भाव. हे असेल तर माणूस स्वतःच चांगली कालवड राखतो, कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. शेण-घाण, वैरण, पाणी, धार, वासराची निगा, हे बहुतेक घरी बायका करतात. डेअरीतलं खातं मात्र घरच्या पुरुषाच्या नावावर. आमच्याकडेही खातं वडिलांच्या नावे होतं. माणूस सरळ होता म्हणून पैसा घरात आला. पण जिथे येत नाही तिथे काय? जो धार काढतो त्याच्या नावावर बिल, हा नियम करायला कर्जही लागत नाही आणि अनुदानही. रवांडात २००६ पासून गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची 'गिरिंका' योजना आहे. तिच्यात पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची असते. मला ती रीत फार आवडते, कारण त्यात देणारा पुढच्या वेळी शेजारीच असतो.

आणि केनिया. तिथलं बहुतेक दूध छोट्या शेतकऱ्यांचं, आणि त्यातलं पुष्कळसं कच्चंच विकलं जातं. फिरून दूध विकणाऱ्यांना वर्षानुवर्षं हाकललं जायचं. मग २००४ च्या सुमाराला धोरण बदललं: त्यांना स्वच्छतेचं, तपासणीचं शिक्षण द्या, परवाना द्या, व्यवहारात आणा. शेतकऱ्याला गिऱ्हाईक राहिलं आणि पिणाऱ्याला थोडं सुरक्षित दूध मिळालं. बंदी घालणं किती सोपं होतं!

परदेशी भुकटीबद्दलही अनेकदा विचारलं जातं. स्वस्त भुकटी बेसुमार आत आली की गावातलं दूध पडून राहतं, हे जमैकाने १९९० च्या दशकात सोसलं. पण १९७० मध्ये आपल्याकडे धवलक्रांती सुरू झाली तेव्हा युरोपातून दान आलेली भुकटी शहरांत दूध करून विकली आणि तो पैसा गावांतून दूध गोळा करायच्या यंत्रणेत घातला. म्हणून आयातीच्या बाजूने की विरोधात, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, पैसा कुठे जाणार आहे?

आमच्या डेअरीत पुढे यंत्र आलं. दूध घातलं की आकडे दिसायचे, आणि पडदा दूध घालणाऱ्याकडे तोंड करून बसवला होता. आईला लिहितावाचता येत नव्हतं. तिने मला गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने ० ते ९ आकडे मोठे करून काढायला लावले. धार काढताना गाईच्या पोटाला डोकं टेकवून ती भिंतीकडे बघत एकेक आकडा पुटपुटायची. महिनाभराने रांगेत तिचा नंबर आला, आतल्या माणसाने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तीन पॉइंट नऊ. लिहा."