‘द हॅपनिंग’ची भीती का वाटत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एम. नाइट श्यामलन या दिग्दर्शकाच्या ‘द हॅपनिंग’ या सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून ते इथे स्वतंत्रपणे देते आहे. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. मी सिनेमावर अन्याय केला. तो मुद्दाम पन्नासच्या दशकातल्या कमी खर्चाच्या भयपटांच्या वळणाने केलेला आहे, तेव्हा नट कृत्रिम बोलतात ही तक्रारच गैरलागू. झाडं रसायनं सोडून स्वतःचं रक्षण करतात हे विज्ञान आहे, आणि मी त्याला ‘भाकडकथा’ म्हटलं. सव्वीस जुलै आणि लोकलमधले बॉम्बस्फोट पचवलेला मुंबईकर आता कशालाच घाबरत नाही, त्याला सिनेमा काय करणार? आणि शेवटचं वाक्य तर तुम्ही मला उद्देशूनच लिहिलंत : आरेची झाडं पडताना पाहिलेल्या माणसाला तरी हा इशारा कळायला हवा होता.

मुंबईकराच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

मुंबईचा माणूस निबर झाला आहे हे मला मुळीच मान्य नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या संध्याकाळी कुर्ल्याहून एलबीएस रोडने मुलुंडच्या दिशेने चालत निघालेल्या लोंढ्यात मी होते. पाणी कमरेला लागत होतं, पण आमच्या पोटात गोळा आला होता तो पाण्यामुळे नाही, पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमुळे. आमच्या पुढे एक माणूस बांबू टेकत चालला होता. बांबू खोल गेला की तो ओरडायचा, ‘गटार आहे, डावीकडून या!’ आणि मागची सगळी माणसं एकमेकांचे हात धरून डावीकडे सरकायची. माझा हात धरलेल्या बाई मला ओळखतही नव्हत्या. हात सुटला की त्या दचकून नावच विचारायच्या, ‘तुझं नाव काय गं, नाव सांग,’ म्हणजे हाक मारता यावी. मोबाइल बंद पडले होते, घरी काय चाललंय कळत नव्हतं. आम्ही सगळे घाबरलो होतो आणि घाबरूनही नीट वागत होतो. त्यानंतर वर्षभरातच, ११ जुलै २००६ला, पश्चिम रेल्वेवर बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी लोक गाडीत चढले ते भीती मेली म्हणून नव्हे, पोटासाठी. डब्यात बेवारस पिशवी दिसली की आजही सगळ्यांच्या माना तिकडे वळतात.

हे इतकं सांगितलं, कारण या सिनेमात मला तो बांबूच कुठे सापडला नाही.

कथेत काय होतं ते आठवा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये माणसं चालता चालता थबकतात, असंबद्ध बोलतात, आणि मग स्वतःचा जीव घेतात. आधी वाटतं हा अतिरेकी हल्ला आहे. मग लोण छोट्या गावांत पोचतं, मग रस्त्यांवर. फिलाडेल्फियाचा विज्ञानशिक्षक एलियट मूर शेतात उभा राहून अनुमान काढतो की झाडं मोठ्या जमावावर विष सोडताहेत, तेव्हा लहान गटांनी फिरायचं. ठीक. आता आपल्या हातात एक नियम आला, आता आपण पडद्यावरची डोकी मोजू लागणार. पण पुढे मिसेस जोन्स नावाची एकलकोंडी म्हातारी आपल्याच बागेत एकटी असताना बळी पडते. गेला नियम. शेवटी एलियट आणि त्याची बायको अल्मा, दोन वेगवेगळ्या घरांत अडकलेली, मरायचंच तर एकत्र मरू म्हणून गवतातून एकमेकांकडे चालत येतात. आणि काही होत नाही. संकट आपोआप संपलेलं असतं.

हा प्रसंग कागदावर किती मोठा आहे! दुरावलेलं जोडपं, मध्ये वाऱ्याने हलणारं गवत, आणि त्यात उतरायचा निर्णय. पण धोका कसा ओळखायचा हेच आपल्याला माहीत नसल्यामुळे त्या चालण्यात धैर्य दिसत नाही आणि वाचण्यात सुटका वाटत नाही. धोका कुठे दबा धरून बसलाय हे कळू नये, पण तो ओळखायची काहीतरी खूण पात्रांजवळ असावी आणि ती कधीही हुकू शकते असं वाटत राहावं. मग प्रत्येक पावलागणिक जीव मुठीत येतो. इथे माणसं वारा आला की पळतात, वारा थांबला की थांबतात. २००८च्या जूनमध्ये मी हा सिनेमा अंधेरीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला तेव्हा त्या पळापळीला लोक खो-खो हसले. मला फार वाईट वाटलं होतं. वाऱ्याचीच भीती घालायची ही कल्पना साधी नाही. वारा दाखवता येत नाही, अडवता येत नाही, श्वास न घेता राहता येत नाही. असं सोनं हातात असताना त्याची माती झाली, ही माझी खरी तक्रार आहे.

आता विज्ञान. झाडं रसायनांनी बोलतात हे मी कधीच नाकारलेलं नाही. रोपवाटिकेचा मालक सिनेमात तंबाखूच्या रोपाचं उदाहरण देतो, ते खरंच आहे. ठरावीक जातीची अळी पानं खाऊ लागली की तंबाखूचं रोप हवेत असे वास सोडतं की नेमक्या त्या अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या तिथे येतात. हे संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झालं. ताज्या कापलेल्या गवताचा जो वास आपल्याला आवडतो, तोही जखमी पानांतून सुटलेल्या रसायनांचाच. भाकडकथा हा शब्द मी वापरला तो झाडांसाठी नव्हता. जमाव मोजून हल्ला करणाऱ्या आणि ठरलेल्या सकाळी आवरतं घेणाऱ्या झाडांसाठी होता.

पण समजा तेही मान्य केलं. विज्ञान पक्कं असल्याने सिनेमा भीतिदायक होत नाही. सुरुवातीलाच वर्गात एलियट मुलांना विचारतो, मधमाश्या नाहीशा का होताहेत? एक मुलगा म्हणतो, ही निसर्गाची करणी आहे आणि ती आपल्याला कधीच पूर्ण कळणार नाही. एलियट खूश होतो, शाबासकी देतो. झकास! याच वाक्यावर सिनेमा उभा राहायला हवा होता. प्रत्यक्षात काय होतं? रोपवाटिकावाला समजावतो, एलियट समजावतो, शेवटी टीव्हीवरचा तज्ज्ञ समजावतो. जे कळणार नाही म्हणून सांगितलं, ते आपल्याला पुन्हा पुन्हा कळवलं जातं. १९६३चा हिचकॉकचा ‘द बर्ड्स’ पाहा. तिथेही निसर्ग उलटतो, तिथेही एक तज्ज्ञ आहे. पक्ष्यांचा अभ्यास करणारी ती बाई हॉटेलात बसून ठामपणे सांगते की वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन हल्ला करूच शकत नाहीत. तिच्या आकड्यांत काही चूक नाही. आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर हल्ला सुरू होतो. त्यानंतर ती दिसते, पाठ फिरवून बसलेली, गप्प. तज्ज्ञाला हरवलं की माणसं उघडी पडतात. श्यामलन तज्ज्ञाला जिंकवतो. शिवाय ‘द बर्ड्स’मध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, फक्त यंत्रावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज. इथे जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत सुरेल आहे, पण पान हलायच्या आत ते आपल्याला सावध करून टाकतं.

पन्नासच्या दशकाचा तुमचा मुद्दा मला मनापासून आवडला, कारण ते सिनेमे मलाही प्रिय आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर हा सिनेमा खपवलेला मला चालत नाही. १९५६चा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ घ्या. तोही कमी पैशांतला, कृष्णधवल, जेमतेम ऐंशी मिनिटांचा. तिथेही संकट वनस्पतीचंच. मोठाल्या शेंगांतून माणसांच्या प्रतिकृती निघतात. पण सुरुवात कशी होते? विल्मा नावाची एक साधी, शहाणी बाई डॉक्टरला सांगते की हा माझा काका नाही. काका समोर अंगणात गवत कापतोय. चेहरा तोच, आवाज तोच, मानेवरची खूण तीच, आठवणीही त्याच. पण पूर्वी माझ्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत जे असायचं ते आता नाही, एवढंच ती म्हणते. ना रक्त, ना स्फोट. मी तो प्रसंग दुपारी, घरात माणसं वावरत असताना पाहिला आणि तरी घशाला कोरड पडली. कारण ती बाई खरीखुरी घाबरलेली आहे, आणि आपलं कोणी ऐकणार नाही हे तिला कळून चुकलंय.

स्वस्त सिनेमातल्या नटांना काम येत नसेल, पण घाबरायचं कशाला हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. एलियट झालेला मार्क वॉलबर्ग कुंडीतल्या झाडाशी नम्रपणे बोलतो आणि मग ते प्लॅस्टिकचं निघतं. हा विनोद मुद्दाम केलाय असं तुम्ही म्हणता. असेलही. पण काही तासांपूर्वी त्याने शेजारच्या गटातल्या माणसांना एकामागून एक मरताना ऐकलंय. पिस्तुलाचे आवाज त्याच्या कानावर पडलेत. त्या माणसाच्या बोलण्यात त्याचा काही मागमूस उरायला नको का? झाडाशी बोलताना त्याचा आवाज कापला असता तर तोच प्रसंग एकाच वेळी हसवणारा आणि अंगावर काटा आणणारा झाला असता. हातचा घालवला.

श्यामलनला हे जमत नाही असं मी म्हणत नाही. १९९९च्या ‘सिक्स्थ सेन्स’ने मला कित्येक रात्री दिवा लावून झोपायला लावलं होतं. आणि याही सिनेमात जागोजागी तो माणूस दिसतो. बांधकामावरचा सुरुवातीचा प्रसंग घ्या. मुकादम गप्पा मारतोय, वरून एक मजूर पडतो, सगळे अपघात समजून धावतात. मग दुसरा पडतो. मग मुकादम वर बघतो. परांच्यांनी वेढलेल्या इमारतींच्या या शहरात राहणाऱ्या मला ते ‘वर बघणं’ विसरता आलेलं नाही. तसाच जीपमधला प्रसंग. एलियटचा मित्र ज्युलियन आपली लहान मुलगी अल्माच्या हवाली करून बायकोला शोधायला निघतो. जीपच्या ताडपत्रीला चीर आहे हे आपल्याला दिसतं. शेजारची मुलगी रडू लागते, तिचं लक्ष वळवायला तो गणिताचा शिक्षक तिला कोडं घालतो : पहिल्या दिवशी एक पेनी, दुसऱ्या दिवशी दोन, मग चार, महिनाअखेरीला किती? ती रडत रडत हिशेब करते. आणि त्याची नजर हळूच त्या चिरेकडे जाते. तिथे, त्या मिनिटभरात, हा सिनेमा जे व्हायला हवा होता ते आहे. माणूस दुसऱ्याला सांभाळतोय, धोका कुठून येणार हे ठाऊक आहे, आणि चीर बुजवायला हातात काही नाही. ज्युलियन गेला आणि सिनेमाचा जीवच गेला.

राहिला आरेचा, म्हणजे मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे तोडलेल्या झाडांचा, विषय. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. जी तरुण मुलं तिथे गेली आणि अटकेत पडली, त्यांच्यातली काही माझ्या ओळखीच्या घरांतली होती. तेव्हा मला झाडांचं काही वाटत नाही हा आरोप मी स्वीकारणार नाही. उलट झाडांचं वाटतं म्हणूनच या सिनेमावर जास्त राग आहे.

निसर्ग सूड घेतोय असं सांगायचं तर आधी गुन्हा दिसावा लागतो. नव्वद मिनिटांत या सिनेमात कोणी एक फांदीही तोडताना दिसत नाही. एके ठिकाणी नव्या गृहसंकुलाचं नमुना घर आणि त्याची जाहिरात आहे, ‘तुम्ही याला पात्र आहात’ अशा अर्थाचं वाक्य फलकावर झळकतं. घोडबंदर रोडवर असे फलक आपण रोज पाहतो, झाडांच्या चित्रासह. त्या फलकामागे खरी गोष्ट होती. तिथे आधी काय होतं, ते कोणी विकलं, कोणी सपाट केलं, त्या नमुना घरात राहायला कोण येणार होतं? सिनेमा फलकावरून एक नजर टाकून पुढे पळतो. झाडांचं म्हणाल तर त्यांना ओळखही नाही. सगळी मिळून एक हिरवी भिंत, कुठलं एकही झाड आपल्या लक्षात राहत नाही. आरेत माणसं रडली ती ‘वनस्पती’साठी नव्हे. पाड्यावरच्या बायका बोट दाखवून सांगत होत्या, या उंबराखाली आमची पोरं खेळायची. असं एक झाड श्यामलनने आधी आपल्याला दाखवलं असतं, त्यावर करवत चालवणारा हात ओळखीचा असता, आणि मग पहिली झुळूक त्या झाडातून आली असती, तर मी घाबरले असते, आणि लेख तुमच्या बाजूने लिहिला असता.