‘गॅलेक्सीवर पोट भरत नाही’ म्हणे!

बारावीचा निकाल लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तो जरा लांबलचक होऊन आलाय. थोडक्यात असा: पोरं खगोलशास्त्राच्या नादी लावू नका, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागतं, नासात गेल्याशिवाय काही होत नाही, अब्जावधी प्रकाशवर्षं लांबच्या गॅलेक्सीवर (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहावर) कोणी गेलेलं नाही म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार, त्यात जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं बिग बँग, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा सिद्धांत, खोटा ठरवलाय पण शास्त्रज्ञ लपवताहेत, पगार नाही, उपयोग शून्य, त्यापेक्षा डी.फार्म करा. मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळं ‘सर, हे खरंय का’ म्हणून तो परत परत माझ्याकडंच येतो, तर एकदाच लिहून टाकतो.

दुर्बिणीला डोळा लावायचं तर सोडूनच द्या. लडाखमधल्या हानले इथं साडेचार हजार मीटर उंचीवर २ मीटरची दुर्बीण आहे, ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या लिंकवरून. आकाशातल्या रेडिओलहरी पकडणाऱ्या रेडिओ दुर्बिणीला तर डोळा लावायला जागाच नसते आणि ती भर दुपारीही चालते. गॅलेक्सीवर काम करणाऱ्याचा दिवस जातो लॅपटॉपवर, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आणि त्यातला निम्मा वेळ डेटा साफ करण्यात, कारण आकाशातून आलेल्या त्या क्षीण सिग्नलमध्ये मोबाईल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह सगळ्यांचा कचरा मिसळलेला असतो. तो निवडून काढणं हे महाकंटाळवाणं काम आहे, मेसेजवाल्यानं हे लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

आता नासा. खोडद कुठंय माहितीय का? नारायणगावजवळ. तिथं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, आणि जगभरचे लोक तिथं वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. २०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या डेटातून भारतीय संशोधकांनी जवळपास ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल एका गॅलेक्सीतून पकडला (मधल्या दुसऱ्या गॅलेक्सीनं भिंगासारखं काम केलं म्हणून तो सापडला). २०१७ मध्ये पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या पुढाकारानं ‘सरस्वती’ हा गॅलेक्सींचा महासमूह शोधला गेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि त्यासाठी वापरला तो सगळ्यांना खुला असलेला आकाशाच्या सर्व्हेचा डेटा. २०२५ मधली ‘अलकनंदा’ तर अजून ताजी, जेम्स वेबच्या डेटातली सर्पिल गॅलेक्सी, विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं होतं तेव्हाची. शोधली कोणी? पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीनं आणि तिच्या गाईडनी. दुर्बीण नासाची असली तरी शोध पुण्यात लागला, आणि चाळीसगावहून सकाळची गाडी पकडली तर पुणं काही अमेरिकेत नाहीये भाऊ.

‘तिथं कोणी गेलंय का’ हा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो, कारण खरा मजेचा भाग इथंच आहे. हायड्रोजनच्या प्रकाशातले रंग वेगळे केले की एक लाल रेघ दिसते, लॅबमध्ये ती ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीला असते, तिच्यासोबत ४८६ ची एक निळसर रेघ, आणि गॅलेक्सीत ऑक्सिजनची ५०१ च्या आसपास एक हिरवी. आता एखाद्या गॅलेक्सीच्या प्रकाशात याच तीन रेघा १३१२, ९७२ आणि १००२ ला सापडल्या तर? तिन्ही बरोबर दुप्पट. एक रेघ चुकून तिकडं गेली म्हणता येईल, सगळ्या एकाच प्रमाणात सरकल्यात म्हणजे प्रकाश वाटेत असताना विश्व दुपटीनं ताणलं गेलंय, त्यावरून तो प्रकाश साधारण ८०० कोटी वर्षांपूर्वी निघाला असं निघतं. हे कोणीही तपासू शकतं, दुसऱ्या देशात, दुसऱ्या दुर्बिणीनं. याला अंदाजपंचे म्हणत असाल तर मग रक्ताचा रिपोर्ट पण अंदाजच.

आणि एकाच गॅलेक्सीला म्हातारी होताना कोणी बघू शकत नाही हे खरं, पण रावेर-सावद्याच्या शिवारातून एका दिवसात चक्कर मारली तर कुठं टिश्यूचं नुकतं लावलेलं रोप दिसतं, कुठं निसवलेली बाग, कुठं कापणीला आलेले घड, आणि केळीचं अख्खं वर्ष तुम्हाला एका दिवशी कळतं. आकाशातही तसंच: प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबची गॅलेक्सी म्हणजे जुना काळ, जवळची म्हणजे आत्ताचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

जेम्स वेबचं प्रकरण. डिसेंबर २०२१ मध्ये सुटलेल्या या दुर्बिणीनं बिग बँगनंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या गॅलेक्सी दाखवल्या आणि त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या, इथपर्यंत खरं. कोडं आहे ते इतक्या लवकर इतके तारे तयार झाले कसे याचं. विश्व प्रसरण पावतंय की नाही याचं नाही, त्याचे पुरावे वेगळे आहेत, १९६५ मध्ये सापडलेलं सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण (सुरुवातीच्या तप्त विश्वाची उरलेली ऊब) अजून तसंच येतंय. विश्वाच्या वयापेक्षा जुनी गॅलेक्सी एकही सापडलेली नाही. आणि लपवतंय कोण? हे सगळं त्याच शास्त्रज्ञांच्या पेपरांतून तर बाहेर आलं! बिग बँगवर शंका घेतली की करिअर संपतं असंही मेसेजमध्ये लिहिलंय, तर जयंत नारळीकरांनी आयुष्यभर बिग बँगला विरोध केला, १९९३ मध्ये हॉईल आणि बरबिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत पर्यायी सिद्धांत मांडला, तेव्हा ते आयुकाचे संचालक होते. बाकीच्यांना त्यांचं पटलं नाही, पुरावे दुसरीकडं होते, पण कोणी खुर्ची काढून घेतली नाही.

पगाराचं मात्र मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी झाकणार नाही. पीएचडीला फेलोशिप मिळते, २०२३ पासून जेआरएफ (पहिल्या टप्प्याची फेलोशिप) महिन्याला ३७ हजार आणि पुढं ४२ हजार, ती कधीकधी उशिरा येते. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, दोन-तीन वर्षांनी गाव बदला, देश बदला, आणि कायमच्या जागा थोड्या. घरी ‘काय करी राहिला पोरगा, अजून शिकतोच का’ हे ऐकावं लागतं. ज्याला तिशीच्या आत घर बांधायचंय त्यानं दुसरं बघावं. पण यातली बरीच पोरं पुढं डेटा सायन्समध्ये जातात, काही कॉलेजात शिकवतात आणि आयुकाचे असोसिएट होऊन संशोधन चालू ठेवतात, उपाशी मेलेलं कोणी माझ्या तरी ओळखीत नाही.

एक गोष्ट जरा खटकते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गणितज्ञ भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे तिथं. त्याचा फोटो स्टेटसला ठेवणारे आणि पोरगी बीएस्सी फिजिक्स घेते म्हटल्यावर डोक्याला हात लावणारे बऱ्याचदा तेच लोक असतात.

राहिला उपयोग. केळीचा ट्रक दिल्लीला निघाला की शेठ मोबाईलवर त्याचं लोकेशन बघत बसतो. ते जीपीएस नीट चालायला पृथ्वी आत्ता नेमकी कशी फिरतेय हे ठाऊक लागतं, आणि ती घड्याळासारखी एकसारखी फिरत नाही, थोडी अडखळते. मग जगभरच्या रेडिओ दुर्बिणी रोखून बघतात क्वेसारांकडं, म्हणजे अतिदूरच्या गॅलेक्सींच्या तळपत्या केंद्रांकडं, कारण ती इतकी लांब आहेत की जागची हललेली दिसतच नाहीत, आणि त्यांच्यावरून पृथ्वीचा हिशोब लावला जातो.